पडून राहिलेली रॅकेट

खंडेनवमीच्या सकाळी आईनं देवघरासमोर चौरंग मांडला. विळी, कात्री, अडकित्ता, बाबांची पान्ह्यांची कापडी पिशवी असं एकेक करून चौरंगावर आलं. शिवणयंत्र जागचं हलत नाही म्हणून त्याला तिथंच फूल वाहिलं. मग मला हाक आली, "तुझं ते खेळायचं आण रे."

दरवर्षी ती रॅकेटलाही गंध लावते. तिच्या हिशेबात माणूस जे हातात धरून काम करतो ते हत्यार. टेनिस हे काम आहे का, हे तिनं कधी विचारलं नाही. बायकोनं विचारलंय.

बॅग जूनपासून गाडीच्या डिकीत होती. आमच्या क्लबाची कोर्टं मातीची. पहिले दोन मोठे पाऊस झाले की जाळी उतरते, रोलर शेडखाली जातो आणि कोर्टवर शेवाळ धरू लागतं. नवी माती पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून रेषा आखेपर्यंत दसरा उजाडतो. वैष्णवांचा चातुर्मास आषाढीला लागतो. आमचा थोडा आधी लागतो आणि थोडा आधी सुटतो, एवढाच फरक. यंदा शेवटच्या दिवशी डाव अर्धवट टाकून पावसातून गाडीकडे पळालो होतो. ओला टॉवेल, ओले मोजे आणि ओली रॅकेट बॅगेत कोंबली, चेन लावली, डिकी बंद केली. पुढे त्या बॅगेवर किराणा येऊन गेला, गणपतीचं मखर येऊन गेलं, रद्दीचे गठ्ठे येऊन गेले. बॅग तिथंच.

चेन उघडली तेव्हा पहिल्यांदा वास आला. टॉवेल पापडासारखा कडक झालेला. रॅकेटच्या मुठीवरची पांढरी ओव्हरग्रिप हिरवट काळी पडलेली, आणि हात लावला तर बोटांना चिकटत होती. मधली एक तार तुटून तिची दोन्ही टोकं मोकळी लोंबत होती. अख्ख्या मोसमात मी मारलेल्या एकाही फटक्यानं जी तुटली नाही, ती बंद बॅगेत आपोआप तुटली.

मी आयुष्यात कधी रॅकेट आपटलेली नाही आणि याचा मला थोडा गर्वच होता. राफेल नदालनंही कधी आपटली नाही. रॅकेट फेकलीस तर तुला शिकवणं बंद, अशी तंबी त्याच्या काकानं, तोनी नदालनं, लहानपणीच देऊन ठेवली होती. या बाबतीत मी स्वतःला नदालच्या रांगेत बसवत आलो. पण कोर्टवर रॅकेट आपटली तर निदान पंच ताकीद देतात. पुन्हा आपटली तर गुण जातो, तिसऱ्यांदा अख्खा गेम जातो. डिकीत चार महिने कुजवली तर ताकीद कोण देणार?

ही वस्तू देवासमोर ठेवण्याच्या लायकीची नव्हती. आईला म्हटलं, "अर्धा तास दे." ती म्हणाली, "मला घाई नाही. नैवेद्य गार होईल, तो तूच खा."

बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून बसलो. पहिलं काम तारा कापायचं. रॅकेटच्या तारांना आमच्याकडे सगळे 'गट' म्हणतात आणि त्या विणून घेण्याला 'गटिंग'. गट तुटला की उरलेला लगेच कापून टाकायचा, हे मला आमच्या क्लबातल्या जुन्या मार्करकाकांनी शिकवलं. मार्कर म्हणजे क्लबाचा पगारी खेळाडू: सभासदाला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळणारा, कोर्टाची देखभाल करणारा आणि पोरांना फुकट शिकवणारा. काका म्हणायचे, "एक तार गेली की चौकट एका बाजूनं सुटते आणि बाकीच्या तारा तिला ओढत बसतात. रात्रभर तशीच ठेवलीस तर सकाळी रॅकेटचं तोंड वाकडं." हिशेब सरळ आहे. माझ्या रॅकेटला उभ्या १६ आणि आडव्या १९ ओळी, आणि प्रत्येक ओळ ओढताना ५२ पाउंडांचा, म्हणजे जवळजवळ साडेतेवीस किलोंचा ताण. सगळ्या ओळी शाबूत असतात तोवर ही ओढाताण एकमेकींना तोलून धरते. एक सुटली की तोल गेला.

कापायचीही रीत आहे. कडेपासून सुरुवात करायची नाही. मधल्या तारांपासून बाहेर जायचं, आडवी आणि उभी अशा दोन्ही बरोबर कापत. कात्री लावली की प्रत्येक तार टण्णकन आवाज करून सुटते. नवा गट असेल तर हा आवाज ऐकण्यासारखा असतो. माझ्या तारा नुसत्या खुटखुट करत सुटल्या. त्यांच्यात ताण म्हणावा असा उरलाच नव्हता.

मला खरं म्हणजे लागलं ते इथंच. खेळलो असतो तर गट झिजला असता, त्याचं काही वाटलं नसतं. हा गट झिजलाच नाही, नुसता उतरत गेला. तंबोरा कोपऱ्यात उभा करून ठेवला, चार महिने त्याला कोणी बोट लावलं नाही, तरी तो उतरतोच, तसंच हे. ताणलेली तार आपसूक सैल होत जाते. पहिल्या काही तासांत आणि दिवसांत भराभर, मग हळूहळू, आणि उन्हात तापलेल्या बंद गाडीत आणखी वेगानं. हल्लीच्या पॉलिएस्टरच्या तारा तर या बाबतीत फारच कच्च्या. तुटत नाहीत म्हणून आपण खूश असतो, पण त्या कधीच मेलेल्या असतात. आपल्याला वाटतं, वापरली नाही म्हणजे जपली.

ज्यांच्या घरी गाणं आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. तिथं तंबोऱ्याला गवसणी असते, गवसणीवर दुसरं काही ठेवायचं नसतं, आणि गायचं नसलं तरी अधूनमधून तो काढून पुसतात, जुळवतात. आमच्या बॅगा रॅकेटच्या गवसण्याच आहेत, पण आम्ही त्यांच्यावर रद्दी ठेवतो.

तारांनंतर मूठ. ओव्हरग्रिप सोलायला घेतली तर तिच्याखाली आणखी एक निघाली. तिच्याखाली तिसरी. मी जुनी न काढता वरूनच नवी गुंडाळत आलो होतो. एका ओव्हरग्रिपनं मूठ साधारण अर्ध्या मापानं जाड होते, म्हणजे तिसऱ्या थराअखेर मी दीड मापानं मोठी रॅकेट धरत होतो आणि वर्षभर सगळ्यांना सांगत होतो की वयामुळे पकड सुटते. वय बिचारं विनाकारण बदनाम झालं.

तिन्ही थर उतरले तेव्हा मूळची मूठ दिसली. रॅकेटची मूठ गोल नसते, तिला आठ बाजू असतात. हात त्या बाजूंच्या धारांवरून ओळखतो की आता फोरहँडची पकड आहे की बॅकहँडची. डोळ्यांनी बघावं लागत नाही. माझ्या तीन थरांखाली या धारा बुजून गेल्या होत्या. मूळ ग्रिपच्या खाचांमध्ये पांढुरकी रेषा दिसत होती. नखानं खरवडली, बारीक पूड निघाली. वाळलेल्या घामाचं मीठ. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून, फडकं घट्ट पिळून पुसलं. फडक्याला आलेला रंग इथं सांगत नाही, जेवायची वेळ आहे. मग पुन्हा साध्या पाण्याच्या फडक्यानं पुसून पंख्याखाली ठेवली. उन्हात ठेवायची नाही. ऊन लागलं की ग्रिप कडक होते आणि तिच्याखालचा डिंक सुटतो.

ग्रिप वाळेपर्यंत चौकट घेतली. रॅकेटच्या डोक्यावर जी प्लास्टिकची पट्टी असते ती मातीच्या कोर्टवर खरडून खरडून संपते. खालचा चेंडू उचलताना प्रत्येक वेळी थोडी जाते. माझी डावीकडून जवळजवळ चौकटीपर्यंत गेलेली. तार ज्या भोकांतून जाते त्या भोकांत प्लास्टिकच्या नळ्या असतात. त्यातली एक चिरली तरी तिची धार नवी तार कापते, आणि आपण दोष गटिंग करणाऱ्याला देतो. जुन्या टूथब्रशनं ती भोकं झाडली तशी तांबडी माती भुरभुर पडली. हीच माती तारांच्या फुलीफुलीत अडकून बसते आणि प्रत्येक फटक्याबरोबर पॉलिशपेपरसारखी तार घासते. खेळून झाल्यावर कोरड्या फडक्याचा एक हात जाळीवरून फिरवला तरी पुरतं. अर्ध्या मिनिटाचं काम. आम्ही तेवढ्या वेळात चहाची ऑर्डर देतो.

एक खोड मात्र मला कधीच सुटली नाही. बुटाच्या तळाला चिकटलेली माती झाडायला रॅकेटनं बुटावर टकटक करायचं. टीव्हीवर पॅरिसला सगळे करतात. मार्करकाकांनी मला तसं करताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जवळ येऊन शांतपणे विचारलं, "तुझ्या घरी पोळपाटानं चप्पल झाडतात का?"

माझी पहिली रॅकेट लाकडी होती, क्लबातल्या एका सभासदाची जुनी. ती चौकोनी लाकडी प्रेसमध्ये ठेवायची असे. दोन लाकडी फ्रेमा, मध्ये रॅकेटचं डोकं, चार कोपऱ्यांत चार स्क्रू आणि त्यांना पंखांचे नट. लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेली ती चौकट. पावसाळी हवा लागली की फुगे, एका अंगाला पीळ घेई आणि मग टेबलावर ठेवली की डोलू लागे. म्हणून खेळ संपला की पुसायची, प्रेसमध्ये घालायची आणि नट आवळायचे. तेही कसे? गाडीच्या चाकाचे आवळतात तसे, समोरासमोरचे. एकच नट पूर्ण आवळला तर प्रेसच रॅकेटला पीळ देते. काका नट आवळताना बोलत नसत. आम्ही पोरंही गप्प उभे. दिवसाचा खेळ संपला हे त्या नटांवरून कळायचं.

प्रेस गेली, कारण लाकूड गेलं. लाकडी रॅकेटनं पुरुष एकेरीचं ग्रँड स्लॅम जिंकणारा शेवटचा खेळाडू म्हणजे यानिक नोआ, १९८३ ची फ्रेंच ओपन. त्यानंतर कार्बनच्या चौकटी सगळीकडे झाल्या. त्या पाण्यानं फुगत नाहीत, वाकत नाहीत, प्रेस मागत नाहीत. यात खेळाचं भलं झालं यात वाद नाही. लाकडी रॅकेटच्या आठवणीनं उसासे टाकणाऱ्यांतला मी नाही, माझं कोपर आजही तिला शिव्या देतं. पण त्या चार नटांमुळे रोज दोन मिनिटं रॅकेटकडे बघावं लागायचं. कार्बननं ती सक्ती काढून घेतली आणि आम्ही बघणंच सोडून दिलं.

ब्यॉन बोर्गचं नाव या संदर्भात काढावंच लागतं. १९७६ ते १९८० अशी सलग पाच विम्बल्डन त्यानं लाकडी रॅकेटनं जिंकली, आणि त्याच्या तारा ८० पाउंडांच्या आसपास ताणलेल्या असत. इतक्या, की रात्री हॉटेलच्या खोलीत ठेवलेल्या रॅकेटची तार आपोआप तुटून आवाज होई. त्याचे प्रशिक्षक लेनार्ट बर्गेलिन त्या रॅकेटींवर आईसारखी नजर ठेवून असत. बरीच वर्षं बाहेर राहून १९९१ मध्ये बोर्ग माँटे कार्लोला परतला तो पुन्हा लाकडी रॅकेट घेऊनच, आणि पहिल्याच सामन्यात जोर्दी आरेसेकडून हरला. रॅकेट तिच्या जागी ठीक होती, खेळ पुढे गेला होता. निगा राखली की सगळं टिकतं असा माझा दावा नाहीच.

बोर्गच्या त्या तारा आतड्याच्या. इंग्रजीतल्या 'कॅटगट' शब्दावरून मांजराच्या आतड्याच्या असाव्यात अशी समजूत आमच्या क्लबात अजून आहे आणि एक आजोबा ती नव्या पोरांना भक्तिभावानं सांगतात. मांजराचा काही संबंध नाही. फ्रान्समधल्या लियाँ शहरात बाबोला घराणं वाद्यांसाठी आतड्याच्या तारा करत असे. त्यांनी १८७५ मध्ये टेनिससाठी त्या करायला घेतल्या. तेव्हा मेंढीच्या, पुढे गाईच्या आतड्याच्या. ताण धरून ठेवण्यात आजही त्यांच्या तोडीचं काही नाही, पण त्यांना पाणी चालत नाही. आमच्या हवेत त्या वापरणं म्हणजे जून ते सप्टेंबर त्यांची चाकरी करणं.

व्यावसायिक खेळाडूंना हा प्रश्नच नसतो. २०१८ मध्ये चेन्नईची स्पर्धा पुण्यात बालेवाडीला आली, तेव्हा पुढची काही वर्षं आम्ही जानेवारी-फेब्रुवारीत तिकडे जायचो. पहिले सात गेम झाले, मग दर नऊ गेमनंतर नवे चेंडू येतात; त्यांच्याबरोबर बरेच खेळाडू बॅगेतून नवी विणलेली रॅकेट काढतात. प्लास्टिकची पिशवी फाडायची, जाळीवर तळहात दोनदा आपटून आवाज ऐकायचा आणि उठायचं. माझ्याशेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, "रुखवतातली भांडी असल्यासारख्या काढतोय." साध्या खेळाडूसाठी जुना हिशेब बरा: आठवड्यातून जितके दिवस खेळता, वर्षातून तितक्या वेळा गटिंग. तुटो वा न तुटो. मी आठवड्यातून तीनदा खेळतो आणि वर्षातून एकदाही करत नाही.

तळहाताचा तो आवाज मात्र आपणही ऐकावा. जाळी तळहातावर आपटली आणि स्वच्छ नाद आला तर ताण आहे. भदभद झालं तर उतरली. चौकटीलाही असंच ऐकता येतं. तारा कापलेल्या असताना बोटाच्या पेरानं सगळीकडे टिचकी मारत जायचं. सगळीकडे एकच आवाज हवा. कुठं फुटक्या मडक्यासारखा आला तर रंगाखाली चीर आहे. माझ्या रॅकेटला नव्हती. माझ्या निष्काळजीपणाच्या मानानं हे फार झालं.

ग्रिप वाळली. कपाटात एक पांढरी ओव्हरग्रिप पडून होती, पाकिटातली असल्यानं चांगली राहिली होती. तिचं निमुळतं टोक मुठीच्या बुडाशी धरून, अलगद ताणत, मागच्या फेऱ्यावर दोन-तीन मिलिमीटर चढवत वरपर्यंत गुंडाळली आणि चिकटपट्टी लावली. मूठ हातात धरली. आठही बाजू लागल्या.

चौरंगावर नेऊन ठेवली. आईनं चष्मा वर केला.

"याची जाळी कुठे गेली?"

"कापली. नवी घालायची आहे."

"हत्याराची धार काढून पूजेला ठेवतोस?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. तिनं झेंडूचं फूल रिकाम्या चौकटीतून आरपार पडू नये म्हणून खालच्या कोपऱ्यात अडकवलं आणि कुंकवाची कुयरी घेतली. मी घाईनं म्हणालो, "आई, मुठीला नको, ग्रिप नवी आहे. वर चौकटीला लाव." तिनं विचारलं, "हात कुठे लागतो?" मी मूठ दाखवली. तिनं तिथंच लावलं.

दुपारी रॅकेट घेऊन गटिंगला गेलो. दुकानाचं शटर अर्धं उघडं, आत उदबत्तीचा वास. गटिंगच्या मशीनला झेंडूचा भलामोठा हार, वर आंब्याचा डहाळा. दुकानदारानं रॅकेट उलटीपालटी करून पाहिली, भोकांच्या दोन नळ्या बदलाव्या लागतील म्हणाला आणि विचारलं, "किती पाउंड?"

"बावन्न. आज मिळेल?"

"आज मशीनला सुट्टी, उद्या दसरा. परवा या."

तिसऱ्या दिवशी आणली. पहिल्याच सेटमध्ये घाम आला आणि कुंकू सुटून तळहात लाल झाला. समोरच्यानं विचारलं, लागलं का म्हणून.

तुमची बॅग आत्ता डिकीत असेल तर आज रात्रीच वर घेऊन या. आधी ओला टॉवेल बाहेर काढा, मग चेन उघडी ठेवून बॅग पंख्याखाली ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या ज्या छोट्या पुड्या येतात, त्या फेकू नका. दोन-चार बॅगेत टाकून ठेवा.